फरा हलला पाहिजे

उजवा हात डाव्या खांद्यावरून पाठीमागे टाका आणि बोटांनी चाचपा. हाडाची एक आडवी कड लागेल. तिच्यावर बोट टेकवून बाहेरच्या दिशेने सरकत या. कड थोडी थोडी वर चढते, रुंद होते आणि खांद्याच्या टोकाशी चपटी होऊन थांबते. बोट तिथेच ठेवा आणि डावा हात समोरून वर उचला, थेट कानापर्यंत. बोटाखालचं हाड मागे कलताना, फिरताना जाणवेल. खांद्याचा सांधा हलतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्या सांध्याची खोबणसुद्धा सोबत हलते, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

हे हाड म्हणजे फरा. पुस्तकात अंसफलक, दवाखान्यात स्कॅप्युला. अंस म्हणजे खांदा आणि फलक म्हणजे फळी. नाव चपखल आहे, पण फळी म्हटली की ती कुठेतरी ठोकून बसवलेली असणार असं वाटतं, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. ‘खांदे मागे घ्या, खाली दाबा आणि तसेच धरून ठेवा’ ही सूचना व्यायामशाळेत इतक्यांदा कानावर पडते की ती सगळ्याच हालचालींना लागू आहे असं वाटू लागतं. ती काही हालचालींना लागू आहे. हात डोक्याच्या वर न्यायचा असेल तेव्हा मात्र ती उलटी पडते. का, ते कळण्यासाठी हाडाची रचना नीट पाहायला हवी.

फरा चपटा, तिकोनी असतो आणि दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर, पाठीच्या बाजूला विसावलेला असतो. ‘विसावलेला’ हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण बरगड्यांशी त्याचा हाडाला हाड भिडणारा सांधा नाहीच. मध्ये स्नायूंचे थर आणि द्रवाच्या पातळ पिशव्या असतात, त्यांच्यावरून फरा घसरतो. सांगाड्याशी त्याचं हाडाचं नातं एकाच वाटेने जोडलेलं आहे: फऱ्याचं बाहेरचं टोक कॉलरबोनला, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाला, भिडतं आणि कॉलरबोनचं दुसरं टोक छातीच्या मधल्या हाडाला. म्हणजे अख्खा हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो गळ्याच्या खाचेशेजारच्या त्या छोट्या सांध्यापाशी. बाकी सगळा भार स्नायूंवर. फऱ्याला एकूण १७ स्नायू चिकटतात. दबा धरून चालणारं मांजर पाहिलंत तर याचा अंदाज येतो. दोन्ही फरे पाठीच्या रेषेच्या वर आळीपाळीने उठतात आणि त्यांच्या मधोमध धड स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं.

फऱ्याचा मधला भाग इतका पातळ असतो की सुटं हाड उजेडासमोर धरलं तर त्यातून प्रकाश झिरपतो. कडा आणि मागची ती आडवी धार मात्र जाड. यात काही कमअस्सल नाही. मधल्या पत्र्याचं काम दोन्ही बाजूंच्या स्नायूंना पसरायला जागा देणं एवढंच. जोर पेलतात त्या कडा. एवढं पातळ हाड असूनही ते सहसा मोडत नाही, एकूण अस्थिभंगांत त्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. चोहीकडून मांसल गादी आहे आणि धक्का बसला की हाड बरगड्यांवरून सरकून जातं. म्हणूनच एखाद्या अपघातात फरा मोडलेला दिसला तर जाणता डॉक्टर आधी फऱ्याकडे पाहत नाही. बरगड्या, फुप्फुस, मान आणि डोकं तपासतो. फरा मोडण्याइतका मार बसला असेल तर तो इतरत्रही बसलेला असतो. फऱ्याच्या पत्र्याचा भंग बहुतेक वेळा झोळीत हात ठेवून, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू हालचाल सुरू करून भरून येतो. खोबणीतच तडा जाऊन तुकडा सरकला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आता खुणा. हात बाजूला सोडून सरळ उभं राहिलं की फऱ्याचा वरचा आतला कोपरा पाठीच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर, आडव्या धारेची आतली सुरुवात तिसऱ्याच्या आणि खालचं टोक सातव्याच्या पातळीवर येतं. (पाठीचे मणके, मानेचे सात सोडून मोजलेले.) मणके मोजण्यासाठी हे टोक रोज वापरलं जातं आणि रोज चुकतंही, कारण माणूस पोक काढून बसला, कुशीवर वळला किंवा हात पुढे घेतले की टोक सरकतं. एखाद्या मणक्याचा फरक गृहीत धरूनच मोजावं. फऱ्याची आतली कड मधल्या रेषेपासून साधारण ५ ते ७ सेंटिमीटरवर असते. आणि फरा पाठीवर सपाट नसतो, बरगड्यांच्या गोलाईमुळे तो ३० ते ४० अंश पुढे वळलेला असतो. म्हणून हात अगदी आडवा, कानाच्या रेषेत उचलण्यापेक्षा थोडा पुढच्या बाजूने तिरका उचलला की सोपं जातं. करून बघा. त्या तिरक्या पातळीत खोबण आणि दंडाच्या हाडाचा गोळा समोरासमोर येतात.

फऱ्याच्या पुढच्या, बरगड्यांकडच्या खोलगट बाजूवर सबस्कॅप्युलॅरिस स्नायू. मागच्या बाजूचे आडव्या धारेमुळे दोन भाग होतात: वरच्या लहान खळग्यात सुप्रास्पायनेटस, खालच्या मोठ्या खळग्यात इन्फ्रास्पायनेटस, आणि बाहेरच्या कडेला टेरिस मायनर. या चौघांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, दंडाच्या गोळ्याभोवती बाहीसारख्या गुंडाळल्या जातात. हाच रोटेटर कफ. त्यांचं मुख्य काम गोळा खोबणीच्या मध्यावर दाबून धरणं. ते काम किती अवघड आहे हे खोबण पाहिल्यावरच कळतं. मांडीचा सांधा उखळीसारखा खोल असतो. खांद्याची खोबण पेअरच्या आकाराची, उथळ, आणि इतकी लहान की कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा तिच्यावर टेकलेला असतो. काठाला कुर्चेची, म्हणजे लवचिक मऊ हाडाची, कडा असते, तिने खोली थोडी वाढते.

बशीवर मोठा चेंडू ठेवून तो पडू न देता चालायचं आहे असं समजा. चेंडू एका बाजूला कलू लागला की बशी त्या बाजूला तिरकी करावीच लागते. बशी घट्ट धरून ठेवणारा चेंडू घालवून बसतो. फऱ्याचं काम हेच: दंड जिकडे जाईल तिकडे खोबण वळवत राहणं.

हात पूर्ण वर जातो तो १८० अंश. त्यातले साधारण १२० अंश खोबणीतल्या सांध्याचे आणि ६० अंश फऱ्याच्या फिरण्याचे. दोनास एक. हे प्रमाण १९४४ साली इनमन, साँडर्स आणि अ‍ॅबट या संशोधकांनी मांडलं आणि आजही शिकवलं जातं. ते सरासरी म्हणूनच घ्यावं, कारण ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं राहत नाही. बाजूने उचलताना पहिले ३० अंश आणि समोरून उचलताना पहिले ६० अंश फरा फारसा फिरत नाही, जागा धरतो. हा टप्पा प्रत्येकाचा थोडा वेगळाच. त्यानंतर तो वेगाने सोबत येतो. हात पूर्ण वर गेला की खालचं टोक काखेच्या मधल्या रेषेकडे येऊन पोहोचतं. पाठमोऱ्या उघड्या पाठीवर हे स्पष्ट दिसतं. आणि हे फक्त वर फिरणं नव्हे. खोबण वर वळते, हाडाचा वरचा भाग मागे कलतो आणि शेवटाकडे आतली कड छातीला घट्ट राहून हाड जरा बाहेर वळतं. कॉलरबोनसुद्धा आपल्या अक्षाभोवती मागे वळतं.

हे फिरवणारे तीन हात आहेत. ट्रॅपेझियस हा मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला स्नायू, त्याचे वरचे तंतू खांद्याचं टोक वर ओढतात. त्याच स्नायूचे खालचे तंतू धारेची आतली सुरुवात खाली ओढतात. सेरेटस अँटिरियर, जो वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून बोटांसारख्या पट्ट्यांनी निघून फऱ्याखालून आतल्या कडेला जाऊन चिकटतो, तो खालचं टोक पुढे-बाहेर खेचतो. स्टिअरिंग दोन हातांनी फिरवताना एक हात वर आणि दुसरा खाली ओढतो, पण चाक जागच्या जागी फिरतं, तसंच हे. तिघांपैकी एक जरी मागे पडला तरी फरा फिरण्याऐवजी नुसता उचलला जातो. वरचा ट्रॅपेझियस एकटाच काम करतो तेव्हा खांदा कानाला लागतो आणि मान दुखते. अशा मानेला चोळत बसणं हा अर्धाच इलाज.

आता त्या सूचनेकडे या. ‘मागे आणि खाली’ करताना कोण आखडतं? दोन फऱ्यांमधले र्‍हॉम्बॉइड आणि खाली ओढणारा लॅटिसिमस, पाठीचा रुंद स्नायू. र्‍हॉम्बॉइड फऱ्याला खालच्या दिशेने फिरवतात, म्हणजे हात वर नेताना हव्या असलेल्या फिरकीच्या बरोबर उलट. त्यांना आवळून ठेवून हात डोक्यावर न्यायचा म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चढावर घालणं. बशी वळली नाही, चेंडू मात्र चढत गेला. मग एकतर हात अर्ध्यात अडतो किंवा कंबर मागे वाकवून उरलेली उंची चोरली जाते. ओव्हरहेड प्रेसमध्ये कंबरेची कमान दिसली की कंबरेला दोष देण्याआधी फरे बघावेत. बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणं पडून वजन वर ढकलताना), जमिनीवरून वजन उचलताना, रोइंगच्या खेचण्याच्या शेवटी ‘मागे-खाली’ योग्यच आहे. तिथे पक्का पाया हवा असतो आणि हात वर जायचा नसतो. डोक्यावर वजन नेताना मात्र शेवटी खांदे थोडे वर जाऊ द्यायचे. ते चुकीचं दिसत असेल, चुकीचं नाही.

खांद्याच्या टोकाचं छप्पर म्हणजे अ‍ॅक्रोमिअन, त्या आडव्या धारेचंच रुंद झालेलं टोक. त्याच्या आणि दंडाच्या गोळ्याच्या मध्ये साधारण एक सेंटिमीटर जागा असते आणि तिच्यातून सुप्रास्पायनेटसची कंडरा जाते. एक्स-रेत ही जागा ७ मिलिमीटरपेक्षा कमी दिसली तर रोटेटर कफ मोठा फाटल्याची शंका घ्यावी लागते. १९८६ पासून या छपराचे सपाट, वळलेलं आणि आकडेदार असे तीन आकार सांगितले जातात, आणि ‘हाड टोचतंय, घासून काढू’ हे स्पष्टीकरण कित्येक वर्षं बिनबोभाट चाललं. २०१८ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात काहींचं छप्पर घासलं, काहींच्या सांध्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली आणि काहींना काहीच केलं नाही. घासलेल्या आणि नुसती दुर्बीण घातलेल्या रुग्णांच्या दुखण्यात फरक पडला नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘टाइप ३’, म्हणजे आकडेदार, लिहून आलं म्हणून घाबरू नये. आणखी एक गोष्ट: अ‍ॅक्रोमिअनचे वाढीचे तुकडे साधारण पंचविशीपर्यंत जुळतात, पण शंभरातल्या सात-आठ जणांत एखादा तुकडा कायमचा सुटा राहतो. पडल्यानंतर काढलेल्या एक्स-रेत तो हमखास फ्रॅक्चर समजला जातो. कडा गुळगुळीत असतील, तर बहुधा तो जुनाच सुटा तुकडा.

पुढच्या बाजूचं बोट म्हणजे कोराकॉइड. कावळ्याच्या चोचीवरून नाव. कॉलरबोनच्या बाहेरच्या वळणाखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर, खोल दाबलं की लागतं. निरोगी माणसालाही तिथे दुखतं, म्हणून दुखतंय म्हणण्याआधी दुसऱ्या बाजूला तेवढंच दाबून बघावं. तिथून पेक्टोरालिस मायनर हा छातीचा स्नायू तिसऱ्या ते पाचव्या बरगडीकडे उतरतो. हा आखडला की फऱ्याचा वरचा भाग पुढे ओढला जातो आणि खालचं टोक पाठीवर उठून दिसतं. फ्रेंच शल्यचिकित्सक लातार्जे यांनी १९५४ मध्ये हेच बोट त्याच्या स्नायूंसकट कापून खोबणीच्या पुढच्या काठाला स्क्रूने बसवायची पद्धत मांडली. वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी ती अजूनही वापरली जाते. हाडाने काठ रुंद होतो आणि स्नायू समोरून पट्ट्यासारखा आडवा येतो.

फरा पाठीपासून पंखासारखा सुटणं, याचे प्रकार मात्र वेगळे ओळखायला हवेत. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवायचे, कोपर सरळ ठेवून भिंत ढकलायची. मागून कुणाला तरी बघायला सांगा. आतली कड आणि खालचं टोक छातीपासून सुटून बाहेर आलं, इतकं की बोटं आत जातात, तर सेरेटस काम करत नाही. त्याची नस, म्हणजे मज्जातंतू, मानेतल्या पाचव्या ते सातव्या मज्जातंतूंच्या मुळांतून निघते आणि छातीच्या बाजूवरून स्नायूच्या पृष्ठभागावर उघड्यावर उतरते. तिला झटका बसतो तो जड सॅकने, काखेतल्या शस्त्रक्रियेत, कधी विषाणूच्या आजारानंतर अचानक रात्री उठलेल्या भयंकर दुखण्याने, ज्याच्यामागून दुर्बलता येते. बरी व्हायला एक-दोन वर्षं लागू शकतात. या काळात हात ताणून वर खेचण्याचे व्यायाम टाळायचे, नाहीतर नस आणखी ओढली जाते.

ट्रॅपेझियस पडला असेल तर चित्र निराळं. खांदा खाली ओघळतो, फरा बाहेर-खाली सरकतो आणि हात बाजूने उचलताना सुटणं जास्त दिसतं, समोरून उचलताना कमी होतं. याची नस मानेच्या बाजूला कातडीखाली अगदी वरवर असते. मानेतली गाठ तपासायला काढली आणि त्यानंतर खांदा उतरला, हात आडवा उचलवेना, असं कुणी सांगितलं तर आधी हीच नस तपासायची. ताण पडला म्हणून मालिश करण्यात महिने घालवले तर नस शिवण्याची वेळ निघून जाते. आणि दोन्ही बाजूंचे फरे सुटलेले, सोबत शीळ घालता येत नाही, झोपेत डोळे अर्धवट उघडे राहतात, अशी तक्रार असेल तर तो चेहरा-फरा-दंड यांना धरणारा आनुवंशिक स्नायूविकार असू शकतो. अशा माणसाला व्यायामशाळेत पाठवण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा.

आणखी एक नस फऱ्याच्या वरच्या काठावरच्या खाचेतून जाते. खाचेवर अस्थिबंधाचा पूल असतो. नस पुलाखालून, धमनी पुलावरून. इथे दाब आला तर धारेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही खळगे पोकळ होतात. पुढे धारेच्या बाहेरच्या बाजूला दुसरी अरुंद जागा आहे. तिथे दाब आला तर वरचा स्नायू शाबूत आणि फक्त खालचा वाळलेला, म्हणजे हात बाहेर वळवायची ताकद गेली, दुखणं बरेचदा नाहीच. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांत हे दिसतं. कधी कुर्चेची कडा फाटून तयार झालेली द्रवाची गाठ तिथे बसलेली असते. पाठमोरं, दिव्याच्या तिरक्या उजेडात उभं केलं की खळगा पटकन दिसतो. समोरून, छतावरच्या दिव्यात दिसत नाही.

साध्या, नस शाबूत असलेल्या माणसात फऱ्याची चाल पाहायची तर हात वर नेताना नव्हे, खाली आणताना पाहा. दोन्ही हातांत एक-एक किलोचं वजन, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, चार-पाच वेळा. वर जाताना दिसत नाही तो झटका खाली येताना दिसतो. एका बाजूचं टोक थरथरतं, लवकर खाली गळतं. पण जपून. दोन बाजूंत फरक असणं सर्रास आढळतं, विशेषतः एका हाताने चेंडू फेकणाऱ्यांत, आणि त्यातल्या पुष्कळांना काहीच दुखत नसतं. म्हणून दुसरी पायरी: दुखणारा हात वर जाताना मागून तळव्याने फऱ्याचं खालचं टोक हलकेच पुढे-वर ढकलायचं. दुखणं कमी झालं किंवा हात जास्त वर गेला तर फऱ्यावर काम करण्यात अर्थ आहे. काही फरक पडला नाही तर दुखणं दुसरीकडे शोधा. आणि एक उलटा फसवा प्रकार. फ्रोझन शोल्डरमध्ये सांधा जखडलेला असतो आणि फरा जास्त फिरून उणीव भरून काढतो. हात बराच वर गेल्यासारखा वाटतो. फरा हाताने दाबून धरला की खरी हालचाल किती उरली ते कळतं.

पाठीची कमानही तपासायची. खुर्चीत पोक काढून बसा आणि हात वर न्या. मग ताठ बसून न्या. फरक किती आहे ते बघा. पोक काढल्यावर बरगड्यांची गोलाई वाढते, फरा तिच्यावरून पुढे कलतो आणि खोबण खाली तोंड करते. नुसत्या फऱ्याचे व्यायाम करून वर्षभर जे सुटत नाही ते कधी कधी पाठीच्या मणक्यांची हालचाल मोकळी केल्यावर सुटतं.

व्यायामांत मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो भिंतीवरचा दाब. तळवे खांद्याच्या उंचीवर, कोपर पूर्ण सरळ. आधी छाती दोन फऱ्यांच्या मध्ये खाली जाऊ द्यायची, फरे एकमेकांकडे येतील. मग भिंत ढकलत ढकलत फरे बाहेरच्या बाजूने छातीभोवती गुंडाळायचे, दोन सेकंद थांबायचं. १० ते १२ वेळा, दोन किंवा तीन फेऱ्या, आठवड्यात तीन दिवस. पंधरा सहज झाले की टेबलाच्या काठावर, मग गुडघे टेकून जमिनीवर. चुकतं कुठे? कोपर वाकतं आणि तो दंडाचा व्यायाम होतो. किंवा फऱ्याऐवजी पाठच गोल होते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. शेजारी कुणाला तरी पाठीच्या मध्यावर तळवा ठेवायला सांगा. मणके तळव्याला वर रेटत असतील तर हालचाल पाठीतून चालली आहे.

खालच्या ट्रॅपेझियससाठी पालथं पडायचं, हात डोक्याच्या बाजूने तिरका, साधारण १२० अंशांवर, अंगठा छताकडे. जमिनीपासून चार बोटं उचलायचा, त्याहून जास्त नाही. सुरुवात रिकाम्या हाताने. अर्धा किलो पुष्कळ झाला, दोन किलोची वेळ क्वचित येते. वजन जड झालं की खांदा कानाकडे पळतो आणि कंबर उचलली जाते, म्हणजे ज्याच्यासाठी व्यायाम करतोय तो स्नायू सोडून बाकी सगळे कामाला लागतात. तिसरा, भिंतीला कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवून वर सरकवण्याचा. वरच्या टोकाला भिंत हलकी दाबायची आणि खांदे चढू द्यायचे. पेक्टोरालिस मायनर आखडला असेल तर भिंतीच्या कोपऱ्याला कोपर खांद्याच्या उंचीवर टेकवून धड दुसरीकडे वळवायचं, ३० सेकंद, तीन-चार वेळा. खांदा पूर्वी निखळला असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर हा ताण घेऊ नये. सहा आठवड्यांत चाल सुधारलेली दिसते, ताकदीला बारा लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून व्यायाम बदलत राहणं हीच बहुतेकांची चूक.

दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांची वरच्या आतल्या कोपऱ्याची ठरलेली गाठ ही लिव्हेटर स्कॅप्युलीची. हा स्नायू मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून येऊन तिथे चिकटतो. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण पाच टक्के. साठ किलोच्या माणसात तीन किलो. हात टेबलावर टेकलेला नसेल तर ते तीन किलो तासन्‌तास मानेवरून टांगलेले असतात. गाठ दाबून बरं वाटतं, दोन तासांनी परत येते. कोपरापुढचा हात टेकेल अशी उंची केली की टांगलेलं वजन उतरतं.

फरा हलताना कडकड वाजणं, दुखत नसेल तर सोडून द्या. दुखत असेल आणि आवाज जाडाभरडा असेल तर फऱ्याखालची पिशवी सुजलेली असते, किंवा तरुण वयात हाडाच्या आतल्या बाजूला कुर्चेचं टोपण असलेला कोंब वाढलेला असतो. तो दिसायला फऱ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे किंवा सीटी लागतो. छातीच्या नेहमीच्या एक्स-रेत हात कमरेवर ठेवून कोपर पुढे ढकलायला सांगतात ते फरे फुप्फुसावरून बाजूला जावेत म्हणूनच. खाटेवरच्या रुग्णाला तसं करता येत नाही. मग फऱ्याची आतली कड फुप्फुसावर एक पांढरी रेघ काढते आणि घाईत ती फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची रेघ वाटते. रेघ फुप्फुसाच्या हद्दीबाहेर जाताना दिसली की ती फऱ्याची.

आणि शेवटी ते दुखणं, जे फऱ्यात जाणवतं पण फऱ्याचं नसतं. फऱ्याच्या आतल्या कडेला खोल, बोट ठेवून नेमकं दाखवता न येणारं दुखणं मानेतून येतं असं फार वेळा निघतं. मान मागे आणि त्या बाजूला वाकवल्यावर ते वाढतं आणि हात डोक्यावर ठेवला की हलकं होतं. उजव्या फऱ्याच्या खालच्या टोकापाशी, तेलकट जेवणानंतर उठणारं दुखणं पित्ताशयाचं असू शकतं. एकाच पट्ट्यात जळजळ आणि दोन-तीन दिवसांत पुरळ, म्हणजे नागीण. हात फिरवून, खांदा हलवून, दाबून काहीही केलं तरी दुखणं जसंच्या तसं राहत असेल तर त्याचं मूळ स्नायूत असण्याची शक्यता कमी. दोन फऱ्यांच्या मध्ये अचानक, फाटल्यासारखी कळ आली, सोबत घाम, धाप, छातीत दडपण किंवा एका हातापायात अशक्तपणा असेल तर मालिश, शेक, व्यायाम काही करत बसू नका. अशी कळ महाधमनीची किंवा हृदयाची असू शकते. रुग्णवाहिका बोलवा आणि रुग्णाला स्वतः चालत जाऊ देऊ नका.